बंदुकीचा हक्क आणि न्यायालयातले सरकार : अमेरिकेत ‘सरकारचे म्हणणे’ म्हणजे नक्की कोणाचे म्हणणे?

२००८ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकाच खटल्यात एकाच सरकारमधील दोन वेगवेगळी म्हणणी लेखी स्वरूपात दाखल झाली होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या न्याय खात्याने जानेवारीत न्यायालयाला कळवले की बंदूक बाळगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे हे आम्हांला मान्य आहे, परंतु राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदीचा अंतिम निकाल आत्ताच देऊ नये, प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवावे. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच बुश यांचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी ५५ सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे २५० सदस्य यांच्यासोबत दुसऱ्या एका निवेदनाला आपले नाव जोडले. त्या निवेदनाची मागणी सरळ होती: ही बंदी घटनाबाह्य आहे, परत पाठवण्याचे काही कारण नाही, येथेच निकाल द्यावा. चेनी यांनी हे सिनेटचे अध्यक्ष या नात्याने केले, आणि तो अध्यक्ष अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षच असतो. तरीही आपल्याच सरकारच्या वकिलाविरुद्ध उपराष्ट्राध्यक्षाने न्यायालयात उभे राहण्याचा हा प्रसंग दुर्मीळ होता.

अमेरिकेतील बंदुकांच्या वादाविषयी बातम्या वाचताना ‘सरकारने न्यायालयात अशी भूमिका घेतली’ हे वाक्य वारंवार समोर येते. या वाक्यातील ‘सरकार’ कोण, ते न्यायालयात कोणत्या वाटेने येते आणि त्याच्या म्हणण्याने प्रत्यक्षात काय बदलते, हे समजल्याशिवाय तो वाद नीट कळत नाही. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की हक्क आहे की नाही या प्रश्नावर जितकी शाई खर्च झाली, तितकी लढाई प्रत्यक्षात त्या प्रश्नावर झालेली नाही. खरी लढाई हक्क मोजण्याच्या कसोटीवर झाली, आणि त्या लढाईत सर्वांत चिवट पक्षकार सरकारच राहिले आहे, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो.

आधी मूळ मजकूर पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी घटनादुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. इंग्रजीत ती अवघ्या २७ शब्दांची आहे. तिचा आशय असा: मुक्त राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्याने, शस्त्रे ठेवण्याच्या आणि बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचा भंग केला जाणार नाही. पहिल्या भागात नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि दुसऱ्या भागात जनतेच्या हक्काचा. पहिला भाग दुसऱ्याला मर्यादा घालतो, असे मानले तर हा हक्क राज्यांच्या सेनेपुरता उरतो. पहिला भाग नुसते एक कारण सांगतो, असे मानले तर तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरतो. सगळा वाद या दोन वाचनांतून निर्माण झाला आहे.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटतो, आणि त्याला कारण आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क होता, कारण इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग लोकांच्या मनात ताजा होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत आणण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. त्यामुळे आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो तो परवाना, आणि तो देणे न देणे प्रशासनाच्या हातात असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नावर सुनावणी करताना अमेरिकेशी असलेला हा फरक बोलून दाखवला होता. अमेरिकेत मात्र सरकारला परवाना नाकारण्याचे कारण राज्यघटनेच्या कसोटीवर न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि म्हणूनच तेथे सरकारचा वकील या कहाणीतले इतके मोठे पात्र ठरतो.

आता ‘सरकार’ या शब्दाची फोड करू. वॉशिंग्टनमधील संघराज्य सरकार हे एक. पन्नास राज्यांची सरकारे वेगळी, आणि प्रत्येक राज्याचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, स्वतंत्रपणे न्यायालयात जाऊ शकतो. शहरे आणि काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, यांची प्रशासने वेगळी. संसदेचे सदस्यही स्वतःचे निवेदन दाखल करू शकतात. यांपैकी कोणी मूळ पक्षकार असतो, म्हणजे त्याचाच कायदा किंवा त्याचीच कारवाई वादात असते; कोणी न्यायमित्र म्हणून येतो, म्हणजे वाद दुसऱ्यांचा असतो पण निकालाचा परिणाम आपल्यावर होईल म्हणून तो आपली लेखी कैफियत मांडतो. सर्वोच्च न्यायालयात संघराज्य सरकारची बाजू मांडण्याचे काम सॉलिसिटर जनरल या अधिकाऱ्याकडे असते. हे पद १८७० मध्ये निर्माण झाले. इतरांना न्यायमित्र होण्यासाठी नियमांच्या अटी पाळाव्या लागतात. सॉलिसिटर जनरलला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तोंडी युक्तिवादासाठी त्याला बहुधा वेळही मिळतो. कित्येकदा न्यायालय स्वतःच त्याला विचारते की हे प्रकरण ऐकावे की नाही, यावर तुमचे मत काय. या वजनामुळे त्या अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा दहावा न्यायाधीश म्हणण्याचा प्रघात आहे.

सॉलिसिटर जनरलपुढे कायम एक पेच असतो. तो राष्ट्राध्यक्षाने नेमलेला असतो, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाची राजकीय भूमिका त्याला माहीत असते आणि बऱ्याच अंशी ती त्याची स्वतःचीही असते. त्याच वेळी संसदेने केलेल्या कायद्यांचे न्यायालयात समर्थन करणे हे न्याय खात्याचे परंपरेने चालत आलेले कर्तव्य आहे. बंदुकीच्या हक्काचा पुरस्कार करणारा पक्ष सत्तेवर आला, तरी यंत्रबंदुकांवरील बंदी, गुन्हेगारांना बंदूक बाळगण्यास मनाई आणि कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांतील निर्बंध हे कायदे पुस्तकात असतातच, आणि त्यांखाली शिक्षा झालेली माणसे रोज अपील करत असतात. त्यांच्या अपिलाला उत्तर देणारा सरकारी वकील ‘हा कायदा योग्य आहे’ असे म्हणतो, आणि त्याच वेळी त्याचे वरिष्ठ जाहीर सभांत हक्काची ग्वाही देत असतात.

या पेचाचा इतिहास १९३९ च्या मिलर खटल्यापासून पाहता येतो. त्याच्या आदल्या वर्षी दोन माणसांना नळी कापून आखूड केलेली शॉटगन ओक्लाहोमातून आर्कान्सामध्ये नेताना पकडण्यात आले. अशा बंदुकीची नोंदणी १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने सक्तीची केली होती. जिल्हा न्यायालयाने हा कायदा दुसऱ्या घटनादुरुस्तीविरुद्ध जातो असे म्हणून खटला रद्द केला आणि सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाचे सॉलिसिटर जनरल होते रॉबर्ट जॅक्सन, जे पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या कार्यालयाची कैफियत अशी होती की हा हक्क नागरी सेनेच्या गरजांशी निगडित आहे आणि गुन्हेगारांच्या हातातील आखूड शॉटगनशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या बाजूचे काय? आरोपींच्या वकिलाने लेखी म्हणणे दिले नाही आणि सुनावणीला तो हजरही झाला नाही. निकाल येण्याआधीच मिलर मारला गेला होता. म्हणजे पुढे जवळजवळ सत्तर वर्षे ज्या निकालाचा आधार घेतला गेला, त्या खटल्यात न्यायालयाने युक्तिवाद ऐकला तो एकट्या सरकारचा. मला ही गोष्ट या साऱ्या इतिहासातील सर्वांत कमी लक्षात घेतलेली बाब वाटते. मिलरचा निकाल बरोबर होता की चूक हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी दुसरी बाजू मांडायला कोणीच नसताना तो दिला गेला, हे प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवायला हवे.

त्या निकालाच्या आधाराने संघराज्य सरकार दीर्घ काळ ‘व्यक्तीचा हक्क नाही’ असेच म्हणत आले. ऑगस्ट २००० मध्ये, क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, सॉलिसिटर जनरल सेथ वॅक्समन यांनी एका पत्राच्या उत्तरात ही भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. नंतर निवडणूक झाली, बुश आले, आणि मे २००१ मध्ये न्याय खात्याचे नवे प्रमुख, म्हणजे संघराज्याचे ॲटर्नी जनरल, जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेला पत्र लिहून कळवले की दुसरी घटनादुरुस्ती व्यक्तीच्या हक्काचे रक्षण करते, असे माझे मत आहे. नऊ महिन्यांच्या आत सरकारचे म्हणणे पूर्ण उलटे झाले, आणि हा बदल ना संसदेत झाला, ना न्यायालयात. तो दोन पत्रांत झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधील इमर्सन खटल्याचा निकाल लागला. पत्नीच्या संरक्षणासाठी न्यायालयाने ज्याच्याविरुद्ध मनाई हुकूम काढला आहे, त्याने बंदूक बाळगू नये असा संघराज्याचा कायदा आहे, आणि त्याखाली इमर्सनवर आरोप होता. पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: हक्क व्यक्तीचा आहे, आणि तरीही हा कायदा टिकतो. न्याय खात्याला आपल्या पेचातून सुटण्याची वाट येथे सापडली. २००२ मध्ये इमर्सनचे अपील फेटाळावे असे सर्वोच्च न्यायालयाला सांगताना सॉलिसिटर जनरल थिओडोर ओल्सन यांनी तळटीपेत नवी भूमिका नोंदवली: हा हक्क व्यक्तीचा आहे, परंतु अपात्र माणसांच्या हातात बंदूक जाऊ नये म्हणून आणि गुन्ह्यांसाठी विशेष सोयीच्या शस्त्रांवर वाजवी निर्बंध घालता येतात. साठ वर्षांहून अधिक काळाचे धोरण एका तळटीपेत बदलले. २००४ मध्ये खात्याच्या कायदा सल्लागार कार्यालयाने शंभराहून अधिक पानांचे टिपण लिहून त्याला इतिहासाचा आधार जोडला.

‘हक्क मान्य, पण निर्बंधही मान्य’ हे सूत्र ऐकायला सोपे आहे. प्रश्न उरतो तो असा की निर्बंध वाजवी आहे हे कोणत्या मापाने ठरवायचे? येथे अमेरिकी न्यायशास्त्रातील एक कल्पना समजून घ्यावी लागते. एखादा कायदा मूलभूत हक्काला हात लावतो तेव्हा न्यायालय त्याची तपासणी निरनिराळ्या कडकपणाने करते. सर्वांत सैल तपासणीत कायद्यामागे काही समंजस कारण असले की पुरते. मधल्या तपासणीत उद्देश महत्त्वाचा आहे आणि उपाय त्या उद्देशाशी नीट जुळतो, हे सरकारला दाखवावे लागते. सर्वांत कडक तपासणीत सरकारला अत्यंत निकडीची गरज आणि दुसरा सौम्य उपाय नसल्याचे सिद्ध करावे लागते, आणि त्यातून फारच थोडे कायदे जिवंत बाहेर पडतात. व्यवहारात कसोटी ठरली की निकाल बहुतेक ठरल्यासारखाच असतो. म्हणून सरकारी वकील हक्काच्या प्रश्नावर उदार होऊ शकतो. कसोटीच्या प्रश्नावर तो होत नाही.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या हेलर खटल्यात हेच घडले. वॉशिंग्टन शहराने १९७० च्या दशकाच्या मध्यावर केलेल्या कायद्याने पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली होती, नोंदणीशिवाय पिस्तूल बाळगणे गुन्हा होता, आणि घरातील रायफल वा शॉटगन सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवावी लागे. डिक हेलर हे विशेष पोलीस म्हणून संघराज्याच्या एका न्यायालयीन इमारतीत पहारा देत. कामावर त्यांच्या कमरेला पिस्तूल असे, पण घरी ठेवण्यासाठी नोंदणी मागितली तेव्हा ती नाकारण्यात आली. मूळ दाव्यात सहा जण होते. नोंदणीला प्रत्यक्ष नकार मिळालेले हेलर एकटेच होते, म्हणून दावा त्यांच्या एकट्याच्या बळावर पुढे गेला. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बंदी रद्द केली. न्यायाधीश सिल्बरमन यांचे तर्कशास्त्र असे होते की पिस्तूल हे घटनेतील अर्थाने ‘शस्त्र’ आहे हे एकदा ठरले, की त्यावर सरसकट बंदी घालताच येत नाही.

न्याय खात्याला धास्ती वाटली ती याच वाक्याची. पिस्तुलाला जो तर्क लागू पडतो तो यंत्रबंदुकीला का लागू पडू नये? १९८६ पासून नागरिकांना नवी यंत्रबंदूक बाळगता येत नाही. तो कायदा या तर्कापुढे टिकेल का? म्हणून सॉलिसिटर जनरल पॉल क्लेमेंट यांनी हक्काला होकार दिला, पण मधल्या पातळीची कसोटी लावून प्रकरण पुन्हा तपासावे, असे सुचवले. बंदूकधारकांच्या संघटनांना हा विश्वासघात वाटला, आणि चेनी यांची सही त्या संतापाच्या वातावरणात आली. माझ्या मते क्लेमेंट यांच्यावर तेव्हा झालेली टीका अन्यायाची होती. संसदेने केलेल्या कायद्यांची राखण करणे हे त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी केले.

१८ मार्च २००८ रोजी सुनावणी झाली. क्लेमेंट यांना १५ मिनिटे मिळाली होती. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यांना विचारले की या निरनिराळ्या कसोट्या राज्यघटनेत कोठेच लिहिलेल्या नाहीत, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांतून जमा झालेले ते ओझे आहे, मग या नव्या हक्काच्या पाठीवर ते पहिल्या दिवसापासून का लादायचे? हा प्रश्न लक्षात ठेवावा. त्याचे उत्तर न्यायालयाने चौदा वर्षांनी दिले.

२६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हेलर जिंकले. न्यायाधीश अँटोनिन स्कालिया यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले: हक्क व्यक्तीचा आहे, आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्यावर सरसकट बंदी कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. न्यायाधीश स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात नागरी सेनेचे वाचन मांडले. न्यायाधीश ब्रायर यांनी हक्क गृहीत धरूनही सार्वजनिक सुरक्षिततेशी त्याचा तोल साधला पाहिजे, असे लिहिले. सरकारने मागितलेली कसोटी बहुमताने दिली नाही, दुसरीही ठरवली नाही. मात्र गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्यावरील मनाई, शाळा व सरकारी इमारती अशा संवेदनशील जागांतील बंदी आणि बंदूकविक्रीवरील अटी यांना या निकालाने धक्का लागत नाही, असा परिच्छेद निकालपत्रात आला. सरकारच्या ताब्यातील बहुतेक कायदे त्या परिच्छेदाच्या छपराखाली सुरक्षित बसले. पुढे खालच्या न्यायालयांनी कसोटी स्वतःच शोधली, आणि ती बहुतेक ठिकाणी मधलीच होती. क्लेमेंट यांची मागणी फेटाळली गेली असे कागदोपत्री दिसते. प्रत्यक्षात चौदा वर्षे देशभर तीच कसोटी चालली.

या खटल्यात राज्यांची सरकारेही उतरली होती. टेक्सासच्या नेतृत्वाखाली ३१ राज्यांनी हेलर यांच्या बाजूने कैफियत दिली, तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड आणि हवाई यांनी शहराच्या बाजूने. राज्यांचे असे दोन तट पुढे जवळजवळ प्रत्येक खटल्यात पडत राहिले. वॉशिंग्टन शहर कोणत्याही राज्यात मोडत नसल्याने हा निकाल राज्यांना लागू होतो का, हा प्रश्न उरला होता. २०१० च्या मॅकडोनल्ड विरुद्ध शिकागो निकालाने चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे तो लागू केला. त्या खटल्यात ओबामा यांच्या सरकारने कैफियतच दाखल केली नाही. तेव्हाच्या सॉलिसिटर जनरल एलेना केगन यांना न्यायाधीशपदाच्या नेमणुकीवेळी सिनेटमध्ये याबद्दल प्रश्न विचारले गेले. न्यायालयात न बोलणे हीसुद्धा सरकारची एक भूमिका असते, आणि तिचा जाब विचारला जातो, हे त्यातून दिसले. मॅकडोनल्ड खटल्याच्या सुनावणीत नॅशनल रायफल असोसिएशनच्या वतीने उभे होते पॉल क्लेमेंट. सरकारी पद सोडल्यावर वकिलाचे अशील बदलतात, आणि अशिलाबरोबर यंत्रबंदुकीच्या कायद्याची चिंताही मागे राहते.

न्यूयॉर्कविरुद्धच्या दोन खटल्यांतही क्लेमेंट बंदूकधारकांच्या बाजूने होते. २०१९ मध्ये, शहराबाहेर बंदूक नेण्यावरील नियमाच्या प्रकरणात, ट्रम्प यांच्या सरकारने त्यांना पाठिंबा दिला. शहराने नियमच बदलल्यामुळे न्यायालयाने प्रकरण निरर्थक झाल्याचे ठरवले. दुसऱ्या, ब्रुएन खटल्यात, सत्तेवर बायडेन होते, आणि सॉलिसिटर जनरल एलिझाबेथ प्रीलोगर यांचे कार्यालय न्यूयॉर्क राज्याच्या बाजूने उभे राहिले. प्रश्न असा होता की घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगायचे तर ‘विशेष कारण’ दाखवा, ही शंभर वर्षांहून जुनी अट चालेल का. २३ जून २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द झाली. त्याच धर्तीची अट न्यू जर्सीतही होती, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तीही गेली. पण अटीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस यांनी मधली कसोटीच मोडीत काढली. यापुढे सरकारने आपला कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतो, हे जुने कायदे दाखवून सिद्ध करायचे. २००८ मध्ये रॉबर्ट्स यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

यामुळे सरकारी वकिलाचे काम पार बदलले. पूर्वी तो गुन्ह्यांची आकडेवारी आणि तज्ज्ञांचे अभ्यास घेऊन येई. आता त्याला अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यांची पुस्तके घेऊन यावे लागते. रहिमी खटल्यात याची परीक्षा झाली. कायदा तोच होता, ज्याखाली इमर्सन अडकला होता: घरगुती हिंसेबद्दल मनाई हुकूम असलेल्याला बंदूक नाही. राज्यही टेक्सासच, आणि अपील न्यायालयही तेच पाचव्या विभागाचे. फक्त या वेळी नव्या कसोटीवर त्या न्यायालयाने कायदा रद्द केला होता, कारण स्थापनेच्या काळात असा कायदा सापडत नव्हता. घरातील स्त्रीवरचा हात हा गुन्हा मानण्याचीच तेव्हा रीत नव्हती, तर असा कायदा सापडणार कोठून? बायडेन सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ जून २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी जिंकले. रॉबर्ट्स यांनी लिहिले की इतिहासात हुबेहूब जुळा कायदा सापडण्याची गरज नाही, मागचे तत्त्व जुळले पाहिजे. मात्र प्रीलोगर यांनी त्याहून रुंद कसोटी मागितली होती: जो ‘जबाबदार’ नागरिक नाही त्याची बंदूक काढून घेता येते. ती न्यायालयाने स्पष्ट नाकारली. खटला सरकारने जिंकला. माप मात्र त्याला हवे ते मिळाले नाही.

प्रत्येक बंदूक खटला दुसऱ्या घटनादुरुस्तीचा नसतो, हेही येथे सांगायला हवे. २०१७ मध्ये लास व्हेगास येथील संगीत कार्यक्रमावर झालेल्या गोळीबारानंतर ट्रम्प यांच्याच सरकारने ‘बम्प स्टॉक’ या, साध्या बंदुकीतून भराभर गोळ्या झाडू देणाऱ्या जोडणीला यंत्रबंदूक ठरवणारा नियम केला. बायडेन सरकारने विरोधी पक्षाच्या सरकारचा हा नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. तेथे वाद होता तो १९३४ च्या कायद्यातील व्याख्येचा, हक्काचा नव्हे.

ट्रम्प पुन्हा सत्तेवर आल्यावर ७ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने त्यांनी ॲटर्नी जनरलला आधीच्या सरकारच्या बंदूकविषयक निर्णयांचा आणि न्यायालयांतील भूमिकांचाही आढावा घेण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये न्याय खात्याने लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ कार्यालयावर परवान्यांना विलंब होतो म्हणून दावा लावला. आजवर बंदुकीच्या खटल्यांत बचावाच्या बाकावर बसणारे सरकार येथे फिर्यादी झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणे सुनावणीसाठी घेतली. एक हवाई राज्याचे: दुकान वा हॉटेलसारख्या लोकांसाठी खुल्या पण खासगी जागेत मालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पिस्तूल नेऊ नये, असा तेथील कायदा. सॉलिसिटर जनरल जॉन सॉवर यांचे कार्यालय त्यात बंदूकधारकांच्या बाजूने उभे राहिले आणि या कायद्याला ऐतिहासिक परंपरेचा आधार नाही असे त्याने म्हटले. दुसरे हेमानी प्रकरण: बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याने बंदूक बाळगू नये, हा संघराज्याचा कायदा पाचव्या विभागाच्या न्यायालयाने त्या आरोपीपुरता अमान्य केला, आणि त्याविरुद्ध सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सॉवर यांच्या कार्यालयाने अट्टल दारूबाजांवर निर्बंध घालणाऱ्या जुन्या कायद्यांचा दाखला देऊन, हीच परंपरा आजच्या कायद्याला पुरेशी आहे, असे सांगितले.

बंदुकीच्या खटल्यात सरकारने अशी काही भूमिका घेतल्याचे वाचनात आले, तर सरकारच्या कैफियतीतील एक भाग आधी पाहावा. सॉलिसिटर जनरल न्यायमित्र म्हणून येतो तेव्हा सुरुवातीलाच ‘या प्रकरणात संघराज्याचा संबंध काय’ असा एक छोटा भाग असतो. हेलर खटल्यातील कैफियतीत त्या भागात संघराज्याच्या बंदूक कायद्यांचा उल्लेख होता, आणि पुढच्या सगळ्या पानांचे कारण तेथेच सांगून झाले होते.